विदर्भातून प्रवाळापर्यंत : स्कुबा शिकू इच्छिणाऱ्यांसाठी धागा

पऱ्हाटी

शेतीच्या धाग्यावर मी ओघात अंदमानात स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, शिकल्याचं लिहिलं आणि दारव्हा, चिखली, वरोरा, तुमसर अशा गावांतून विचारणा सुरू झाली. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळेवर आहे. पोहायला गावच्या विहिरीत शिकले आणि समुद्र बराच उशिरा पाहिला. मुंबई-पुण्याच्या लोकांनी लिहिलेल्या माहितीत आपल्या कामाचं जे सुटून जातं, ते इथे लिहिते.

माझं म्हणणं आधीच सांगते. एवढ्या लांब जायचं तर नुसती ट्राय डाइव्ह करून परत येऊ नका, कोर्स करा. ट्राय डाइव्हमध्ये इन्स्ट्रक्टर मागून तुमची टाकी धरून ठेवतो, तुमच्या जॅकेटची बटणं तोच दाबतो आणि फार तर १२ मीटरपर्यंत नेऊन आणतो. मासे दिसतात, व्हिडिओ मिळतो. पण आपण पाण्यात का बुडतोय, का तरंगतोय, कान का दुखतोय, काहीच कळत नाही. ओपन वॉटर कोर्स साधारण तीन-चार दिवसांचा असतो. थोडा अभ्यास, उथळ पाण्यात सराव, मग समुद्रात चार डाइव्ह. पॅडी किंवा एसएसआय अशा संस्थांचं कार्ड मिळतं, ते जगभर चालतं, आणि सोबत्याबरोबर १८ मीटरपर्यंत जाण्याची तुमची तयारी झालेली असते.

पॅडीच्या अटी अशा: वय किमान १०, न थांबता २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगत राहणं. पोहायला वेळेची मर्यादा नाही, कुठल्याही प्रकारे पोहा. आपल्याकडे विहिरीत पोहणाऱ्या पोरी-पोरांना हे सहज जमतं. तरंगण्याचा सराव मात्र वेगळा करावा लागतो, कारण विहिरीत आपण दमलो की कठडा धरतो.

टाकीत ऑक्सिजन असतो हा गैरसमज आहे. साधी हवाच असते, तुमच्या-माझ्या अंगणातली, गाळून आणि दाबून भरलेली. नेहमीची ॲल्युमिनियमची टाकी २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) भरतात आणि ५० बार शिल्लक असताना वर यायचं असतं. काटा सतत बघायचा. तोंडात धरतो तो रेग्युलेटर, अंगावर हवा भरता-सोडता येणारं बीसीडी जॅकेट, कमरेला शिशाची वजनं, पायात फिन्स. जमिनीवर हे सगळं घालून उभं राहिलं की पाठ मोडते. पाण्यात उतरलं की त्याचं ओझं जाणवत नाही.

पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त भीती वाटते ती मास्कमध्ये पाणी घेण्याची. वाळूवर गुडघे टेकून बसवतात आणि मास्कची कड उचलून मुद्दाम पाणी आत घ्यायला लावतात. नाकात खारं पाणी, डोळे मिटलेले, आणि तोंडाने श्वास चालू ठेवायचा. मग मास्कची वरची कड कपाळावर दाबून, मान थोडी मागे करून नाकाने सावकाश फुंकर मारायची. पाणी खालच्या कडेने निघून जातं. माझ्याबरोबर शिकणारी एक मुलगी इथेच रडून वर गेली होती. दुसऱ्या दिवशी तिनेच सगळ्यात छान केलं. इन्स्ट्रक्टर घाई करत असेल तर थांबा म्हणून सांगा, तो तुमचा हक्क आहे.

आणि खालचं जग. त्याबद्दल एका बैठकीत लिहून होणार नाही, पण एक गोष्ट सांगते. एका गोल प्रवाळाच्या आडोशाला मोठा गोब्रा मासा तोंड वासून स्तब्ध उभा होता. बोटाएवढे निळे-काळे पट्टेवाले मासे त्याच्या कल्ल्यांत, जबड्यात, दातांमध्ये शिरून टिपत होते. हे क्लीनर रास. मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी आणि मेलेली कातडी हेच त्यांचं जेवण. गोब्र्याने एकदा अंग झटकलं, त्याबरोबर पट्टेवाले बाहेर आले. त्याने तोंड मिटलं आणि निघून गेला. मागे आणखी एक मासा आपली पाळी येण्याची वाट बघत होता. शाळेत मी सहजीवन हा शब्द कित्येक वर्षं फळ्यावर लिहिलाय.

विचारा काय विचारायचं ते.

काळीमाती

ताई, लय मस्त लिवलं. पन माह्या घरी हे वाचून दाखवलं तं माय म्हने, पान्याचं नावच काढू नोको. तिचं बी खरं हाय. आमच्या इकडं शेततळे झाले तवापासून दरसाल कोनाचं ना कोनाचं पोट्टं जाते. मले पोयता येत नाई. तरी जमते काय? आन पोयणं शिकाचं तं कोठी?

पऱ्हाटी

@काळीमाती, माय बरोबर बोलली. शेततळ्यात सराव अजिबात नको. खाली प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, त्यावर शेवाळ धरतं, उतार तिरपा. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर पडायला हाताला काही सापडत नाही. पाय घसरतो आणि माणूस पुन्हा आत. पोरं पोहता न आल्यामुळे जातात तशी कडेला चढता न आल्यामुळेही जातात. ज्यांच्या शेतात तळं आहे त्यांनी कुंपण करावं आणि कडेला गाठी मारलेला दोर कायम सोडून ठेवावा, ही माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे.

ट्राय डाइव्ह पोहता न येणाऱ्यालाही करू देतात. कोर्सला पोहणं लागतंच. जिल्ह्याच्या ठिकाणी तरण तलाव आहेत, उन्हाळ्यात तिथे शिकवणीचे वर्ग असतात. एक उन्हाळा द्या. धरणाच्या पाण्यात एकटं शिकू नका.

वैनगंगाकाठ

नमस्कार ताई. मी भंडारा जिल्ह्यातला, धीवर समाजाचा. आमची पिढ्यान्पिढ्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवरची मासेमारी. अडकलेलं जाळं सोडवायला मी दम धरून पंचवीस-तीस फूट खाली जातो, लहानपणापासून जात आहे. बारावी झाली, आता तलावावर सगळ्यांचं पोट भरत नाही. माझा प्रश्न मौजेचा नाही. यात रोजगार आहे का? आणि आम्हाला पाण्याची सवय आहे, तर कोर्स सोपा जाईल का?

पऱ्हाटी

@वैनगंगाकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तो जिवाचा प्रश्न आहे.

पाण्याची भीती नाही, पाण्याखाली डोळे उघडे राहतात, पाय कसे मारायचे ते अंगात आहे, यातलं सगळं कामाला येईल. एकच सवय आहे, जी तुम्हाला मुळापासून सोडावी लागेल. दम धरणं. स्कुबामध्ये श्वास कधीच रोखायचा नाही. कधीच.

कारण समजून घ्या म्हणजे पक्कं बसेल. पाण्यात दर १० मीटरला, म्हणजे साधारण ३३ फुटांना, दाब एका वातावरणाने, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाएवढा, वाढतो. वर १, १० मीटरवर २, २० मीटरवर ३. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं. तुम्ही तलावात दम धरून खाली जाता तेव्हा छातीतली हवा आक्रसते आणि वर येताना होती तेवढीच होते. छातीला धोका नाही. पण टाकीवर असताना तुम्ही १० मीटर खाली छाती भरून श्वास घेतला, तर ती हवा तिथल्या दाबाची असते. दम धरून वर आलात की तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसात तेवढी जागा नसते. फुप्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जातात. हे दीड-दोन मीटर खोल तलावातही घडू शकतं. घाबरलेला माणूस दम धरतो आणि वर पळतो, आणि स्कुबात या दोन्ही गोष्टी एकदम करणं सगळ्यात वाईट.

म्हणून रेग्युलेटर तोंडातून निघाला तरी तो शोधून परत घालेपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचं असतं. हे पहिल्याच दिवशी घोटून घेतात. विहिरीत वाढलेल्या माणसाचं अंग याच्या अगदी उलट वागतं. रेग्युलेटर काढला की गाल फुगतात आणि ओठ घट्ट मिटतात. इन्स्ट्रक्टरला आधीच सांगा की मी दम धरून बुडी मारणारा आहे. चांगला इन्स्ट्रक्टर तुमच्याकडून हे जास्त वेळा करून घेईल.

वर येतानाही सावकाश. पॅडीची कमाल मर्यादा मिनिटाला १८ मीटर आहे, पण आता बरेच जण ९ मीटरच्या आसपासच ठेवतात. आणि वर येण्याआधी ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. खाली दाबाखाली रक्तात आणि मांसात नायट्रोजन मुरलेला असतो, तो हळूहळू बाहेर पडायला ही सवड लागते. घाईने आलं तर त्याचे बुडबुडे होतात, सांधे दुखतात, हातापायाला मुंग्या येतात, कधी लकवाही मारतो.

रोजगाराचं: ओपन वॉटर, ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू आणि मग डाइव्हमास्टर अशा पायऱ्या आहेत. डाइव्हमास्टर ही पहिली व्यावसायिक पायरी. वय १८ पूर्ण लागतं, सुरू करताना ४० डाइव्ह झालेल्या लागतात, पूर्ण होताना ६०. त्यापुढे इन्स्ट्रक्टर. पैसा लागतो, हे लपवून ठेवत नाही. काही केंद्रं हंगामभर कामावर ठेवून त्या बदल्यात शिकवतात. टाक्या उचलणं, बोटीवर मदत, सामान धुणं, असं काम असतं. करार लिहून घ्या, राहणं-जेवण कोणाकडे ते त्यात येऊ द्या. आणि इंग्रजी-हिंदी बोलण्याची तयारी आत्तापासून करा.

वैनगंगाकाठ

ताई, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे जो जास्त वेळ दम धरतो तोच मोठा. मी दोनदा वाचलं, भावालाही वाचायला दिलं.

गावचा_दवाखाना

पऱ्हाटी, धागा चांगला चालला आहे. मी ग्रामीण भागात प्रॅक्टिस करतो, डायव्हिंगचा तज्ज्ञ नाही. पण आपल्या भागासाठी काही गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली सिकलसेल, रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, नागपूर, या पट्ट्यात वाहक आणि रुग्ण दोन्ही भरपूर. तपासणी झालेली नसेल तर जाण्याआधी करून घ्या, सरकारी दवाखान्यात होते. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल तर डायव्हिंग करू नये. एएस म्हणजे वाहक असाल तर सरसकट बंदी नसते, पण डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. थंडी, पाणी कमी पडणं आणि अतिश्रम टाळणं वाहकांसाठी जास्त महत्त्वाचं. कोर्सच्या फॉर्मवर ही गोष्ट लपवू नका.

दुसरी खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण. वर्षानुवर्षं खर्रा खाणाऱ्यांचं तोंड पूर्ण उघडत नाही, गालाची आतली बाजू कडक होते. सुपारीने होतं ते, आणि त्यातून कॅन्सरही होतो. माझ्याकडे विशीतली पोरं येतात, दोन बोटंसुद्धा तोंडात जात नाहीत. रेग्युलेटरचं माउथपीस दातांत धरून ओठांनी सील करावं लागतं, तेही अर्धा-पाऊण तास. अशा तोंडाने ते अवघड आहे. डायव्हिंगसाठी का होईना, खर्रा सोडणाऱ्याला मी मोफत तपासेन.

बाकी दमा, झटके येण्याचा आजार, हृदयविकार, छातीचं ऑपरेशन, जुना टीबी, कानाच्या पडद्याला भोक, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय पाण्यात उतरू नये. गरोदर बाईने डायव्हिंग करू नये. आणि साधी सर्दी असली तरी त्या दिवशी नको. नाक चोंदलं की कानातला दाब सारखा होत नाही. औषध घेऊन नाक मोकळं करून उतरलात आणि खाली औषधाचा असर संपला, तर वर येताना त्रास होतो.

पऱ्हाटी

धन्यवाद डॉक्टर. कानाचं थोडं जोडते. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हळूच फुंकायचं, कानात टक् होतं. हे दुखायला लागण्याआधीच करायचं, जवळजवळ दर मीटरला. दुखलं तर जोर न लावता थोडं वर यायचं, मोकळं झालं की पुन्हा खाली. पहिल्या काही मीटरमध्येच सगळ्यात जास्त वेळा करावं लागतं, कारण हवेच्या आकारमानातला फरक तिथेच सर्वांत मोठा पडतो.

निंबाची_सावली

पऱ्हाटी ताई, बायांचे प्रश्न विचारते, दुसरीकडे कोणी विचारू देत नाही. कपडे काय? पाळीचं काय? मंगळसूत्र, बांगड्या? मी वाशीम जिल्ह्यातली, अंगणवाडीत आहे. सासूबाई पाठवायला तयार आहेत, प्रश्न कपड्यांपाशी अडलाय.

पऱ्हाटी

@निंबाची_सावली, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. अंगावर वेटसूट असतो, मानेपासून मनगटापर्यंत आणि बऱ्याच ठिकाणी पावलापर्यंत. आत मी लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा चिकट टीशर्ट घालत होते. उघडं काही दिसत नाही. कपडे बदलायला आडोसा आहे का आणि स्त्री इन्स्ट्रक्टर मिळेल का, हे फोनवर आधी विचारा. अंदमानात स्त्री इन्स्ट्रक्टर आहेत.

पाळीत चालतं. तब्येत बरी असेल तर अडचण नाही, टॅम्पॉन किंवा कप वापरतात. शार्क येतात वगैरे ऐकलं असेल तर मनातून काढून टाका. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या खोलीत ठेवून जा. त्या अडकतात, आणि थंड पाण्यात बोटं बारीक होऊन अंगठी निघून पडते. केसांची घट्ट वेणी. मास्कच्या कडेखाली एक केस आला तरी पाणी झिरपतं.

हातवारे मात्र पाठ करून जा. आपण छान म्हणून अंगठा वर करतो. पाण्याखाली त्याचा अर्थ वर चला असा होतो. ठीक आहे सांगायला अंगठा आणि तर्जनीचं गोल करायचं.

बसाल्ट

भूगोलवाल्याने थोडं लांबण लावलं तर चालेल ना?

वऱ्हाडातला काळा दगड आणि लक्षद्वीपची प्रवाळबेटं यांचं नातं आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला, त्याच्या थरांवर आपली काळी कसदार जमीन तयार झाली. हा लाव्हा ज्या खोल तप्त स्रोतातून आला, तो आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. भारताचा भूभाग उत्तरेकडे सरकत गेला आणि तो स्रोत मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग सोडत गेला. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही बेटं त्याच रांगेवर उभी आहेत. ज्वालामुखी हळूहळू खचत गेले आणि त्यांच्या माथ्यावर प्रवाळ वर वर वाढत राहिले. खचणारा डोंगर आणि वाढणारं प्रवाळ मिळून कंकणाकृती बेट कसं होतं, हे चार्ल्स डार्विनने १८४२ साली मांडलं. आपण कापूस लावतो ती माती आणि लक्षद्वीपमधल्या कदमत बेटाच्या सरोवराखालचा पाया हे एकाच अग्नीचं काम आहे, हे माझ्या विद्यार्थ्यांना सांगताना मला दरवेळी तितकाच आनंद होतो.

दुसरं, वणी-कोरपना भागातल्या सिमेंटच्या चुनखडीत प्रवाळ सापडतील का, असं मला एकाने विचारलं होतं. नाही. ती चुनखडी शंभर कोटी वर्षांपेक्षा जुनी आहे, तेव्हा प्रवाळ तर सोडाच, प्राणीच नव्हते. आजच्या भित्तिका, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळांच्या भिंती, बांधणारे कठीण प्रवाळ सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी आले.

काळीमाती

हे वाचून तं अंगावर काटा आला सर. पन ताई, प्रवाळ म्हंजे झाड की दगड? आन टीव्हीवर दाखोतेत की समुद्र एका अंशानं तापला का ते मरते. आमच्या इकडं मे मईन्यात ४६ जाते, मानूस मरत नाई. एका अंशानं कसं मरते?

पऱ्हाटी

तुमचा हा प्रश्न मी उद्या वर्गात विचारणार आहे.

प्रवाळ हा प्राणी आहे. एकेक जीव अगदी बारीक, पॉलिप म्हणतात त्याला. तोंडाभोवती स्पर्शकांची झालर असते. हजारो पॉलिप शेजारी शेजारी राहतात आणि खाली चुन्याचा सांगाडा बांधत जातात. दगड दिसतो तो हा सांगाडा. वर जी रंगीत साय दिसते ती जिवंत. त्या सायीच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं. तुरीच्या मुळावरच्या गाठी उपटून पाहिल्या असतील तुम्ही. गाठीतले जिवाणू तुरीला नत्र देतात, तूर त्यांना अन्न आणि घर देते. इथेही तसंच. शैवाल उन्हावर साखर तयार करून प्रवाळाला देतं, प्रवाळाचं बहुतेक पोट त्यावरच भरतं, आणि रंगही बराचसा त्या शैवालाचाच.

पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं की ही जोडी बिघडते. शैवाल प्रवाळाला अपायकारक द्रव्यं सोडू लागतं, प्रवाळ त्याला बाहेर टाकतो. मागे पांढराफटक सांगाडा पारदर्शक कातडीतून दिसतो. ब्लीचिंग म्हणतात ते हेच. त्या क्षणी तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर थंड झालं तर शैवाल परत येतं. नाही झालं तर मरतो. आपण ४६ अंशांत सावलीला जातो, घाम गाळतो, माठाचं पाणी पितो. प्रवाळ जागचा हलू शकत नाही, आणि समुद्राचं तापमान वर्षभर थोड्याच अंशांत फिरत असल्यामुळे त्याची घडणच तेवढ्यासाठी झालेली आहे.

अंदमानात २०१० साली फार मोठं ब्लीचिंग झालं. त्याआधी २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानचा काही भाग वर उचलला गेला आणि तिथल्या भित्तिका पाण्याबाहेर येऊन मेल्या. एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक ब्लीचिंग जाहीर झालं. तुम्ही जाल तेव्हा राखाडी, शेवाळलेले, मोडून पडलेले पट्टे दिसतील. माझ्या इन्स्ट्रक्टरने ते चुकवून फक्त सुंदर जागा दाखवल्या नाहीत, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. समुद्राच्या तळाचा एक टक्काही भाग या भित्तिकांनी व्यापलेला नाही आणि समुद्रातल्या सुमारे पाव जाती आयुष्यात कधी ना कधी त्यांच्या आधाराने जगतात.

कोर्सच करा असं मी का म्हणते ते इथे येतं. कोर्समध्ये तुम्ही पाण्यात अधांतरी राहायला शिकता. पूर्ण श्वास घेतला की क्षणभराने अंग वीतभर वर जातं, सोडला की तेवढंच खाली. हे साधलं की हात लावावा लागत नाही, पाय आपटत नाहीत. गोल वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. फिनच्या एका फटक्यात जे तुटतं, ते वाढायला आपल्या पोरांचं शिक्षण पूर्ण होण्याइतकी वर्षं लागलेली असतात.

किनारी_वऱ्हाडी

मी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला, पोटापाण्यासाठी बरीच वर्षं मालवणात. पऱ्हाटी, तुमच्या एका मुद्द्याशी माझं जमत नाही. अंदमानचा खर्च किती जणांना झेपणार? मालवणला आपला माणूस रेल्वेने कुडाळपर्यंत येतो, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ ट्राय डाइव्ह करतो आणि आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली डोळे उघडतो. त्याला ‘परत येऊ नका’ म्हणणं मला लागलं. तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, प्रशिक्षण संस्था आहे, तिथे रीतसर कोर्सही होतात. पाणी अंदमानएवढं नितळ नसतं, कधी चार-पाच मीटरच दिसतं, आणि पावसाळ्यात सगळं बंद. पण समुद्र आपल्याच राज्यातला आहे.

वाईटही सांगतो. एका बोटवाल्याकडे मी पाहुण्यांना घेऊन गेलो, तर त्याची माणसं माशांना ब्रेड चारून फोटोसाठी गोळा करत होती आणि लोकांना प्रवाळावर उभं करत होती. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मी बोललो, त्यांना राग आला. त्यानंतर पाहुण्यांना त्या बोटीवर पाठवणं मी बंद केलं.

पऱ्हाटी

@किनारी_वऱ्हाडी, खर्चाचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ज्याला एवढंच शक्य आहे त्याने ट्राय डाइव्ह जरूर करावी. मग तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: एका इन्स्ट्रक्टरमागे किती माणसं, उतरण्याआधी समजावून सांगायला किती वेळ देता, आणि माशांना खायला घालता का. शेवटच्याला हो म्हणाले तर दुसरी बोट बघा. ब्रेडवर पोसलेला मासा प्रवाळावरचं शेवाळ खरडणं सोडतो, आणि शेवाळ वाढलं की प्रवाळ गुदमरतो.

माळरान

राग मानू नका, पण आमच्या गावात मार्चपासून टँकर येतो. अशा भागात समुद्राखाली जाण्याचं एवढं कौतुक कशासाठी? हा पैसा पोरांच्या शाळेवर लावा.

वैनगंगाकाठ

@माळरान दादा, टँकरचं दुःख आम्हालाही माहीत आहे. पण आमच्या समाजाच्या माणसाला पाणी सोडून दुसरं काही येत नाही, आणि तलाव गाळाने भरत आहेत, बेशरम नावाच्या झुडपाने आणि जलपर्णीने झाकत आहेत. मला पहिल्यांदा असं काम दिसलं की ज्यात माझी पाण्याची ओळख शिक्षण म्हणून मोजली जाईल. ताईंनी हे लिहिलं नसतं तर मला कळलंही नसतं.

पऱ्हाटी

@माळरान, पोरांच्या शाळेतच आहे मी. सहावी-सातवीच्या मुलांनी मला या विषयावर जेवढे प्रश्न विचारले तेवढे पाठ्यपुस्तकाच्या कुठल्याही धड्यावर विचारले नाहीत. ते प्रश्न वाया जाऊ द्यायचे नाहीत, एवढंच मी करते.

आता प्रवासाचं, बऱ्याच जणांनी निरोपातून विचारलंय. नागपूरहून चेन्नई किंवा कोलकाता, तिथून विमानाने श्री विजयपुरम म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर, पुढे बोटीने स्वराज द्वीप, जुनं हॅवलॉक. चेन्नईपर्यंत रेल्वेने गेलात तर स्वस्त पडतं, सेवाग्राम, चंद्रपूर, बल्लारशाहवरून गाड्या आहेत. डिसेंबर ते एप्रिल समुद्र शांत असतो. गहू-हरभऱ्याचं काम बघून जानेवारी-फेब्रुवारी धरा.

परतीचं तिकीट काढताना एक नियम विसरू नका: लागोपाठ डाइव्ह केल्यावर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. अंगात मुरलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबात बुडबुडे करतो. म्हणून शेवटचा दिवस कोरडा ठेवा. आणि किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा पिशवीत टाकू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने प्रवाळांना संरक्षण आहे, विमानतळावर सामान उघडून बघतात.

निंबाची_सावली

सासूबाईंनी सगळं वाचून घेतलं. त्यांचा एकच प्रश्न उरला: मला चष्मा आहे, खाली दिसेल का?

पऱ्हाटी

दिसेल. नंबरच्या काचा बसवलेले मास्क मिळतात, केंद्राला नंबर आधी कळवा. शिवाय पाण्याखाली मास्कमधून सगळं साधारण एक तृतीयांश मोठं आणि एक चतुर्थांश जवळ दिसतं, त्यामुळे थोडा नंबर असलेल्यांना त्याचीही गरज पडत नाही.

वैनगंगाकाठ

सिकलसेलची तपासणी करून आलो, रिपोर्ट नॉर्मल. पासपोर्ट नाही, आधार चालेल ना? आणि @किनारी_वऱ्हाडी भाऊ, तारकर्लीच्या कोर्सची चौकशी करायची होती. पहिला कोर्स तिथे करून मग अंदमानला काम शोधावं, असं घरी ठरत आहे.

किनारी_वऱ्हाडी

आधार चालेल, देशातल्या देशातच आहे. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये ये, आठ दिवस आधी मला फोन कर. नंबर निरोपात टाकतो. राहायची सोय माझ्याकडे.